शेजाऱ्यावर खापर

शेअर्ड होस्टिंगवरचा डेटाबेस सुरक्षित ठेवताच येत नाही, हे विधान हल्ली इतक्या ठामपणे केलं जातं की त्याचा पुरावा मागणाराच अडाणी ठरतो. गावातलं वाचनालय असो, पतसंस्था असो की दिवाळी अंक काढणारं छोटं मंडळ, वेबसाइटवर काही गडबड झाली की सल्लागाराचं निदान तयार असतं. तुम्ही स्वस्तातल्या होस्टिंगवर आहात, एकाच सर्व्हरवर तुमच्यासारखी शेकडो खाती आहेत, त्यांतूनच कुणीतरी घुसलं असणार. तेव्हा स्वतःचा सर्व्हर घ्या, नाहीतर क्लाउडवर चला. यातलं काहीही तपासून पाहणं कार्यकारिणीच्या आवाक्यात नसतं. खर्च मंजूर होतो, वेबसाइट हलते, आणि जुना पासवर्ड, जुने अधिकार, जुनी कॉन्फिगरेशनची फाइल जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर जाऊन बसते.

हे निदान अर्धवट आहे आणि त्याची किंमत ज्यांना ती सर्वांत कमी परवडते अशा संस्थांना मोजावी लागते. म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं. सामायिक सर्व्हरवर धोका असतो, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की डेटाबेस किती उघडा आहे हे ठरतं ते कोणत्या खात्याला काय करण्याची मुभा दिली आहे यावरून. ती मुभा आवळणं शेअर्ड होस्टिंगवरही बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि स्वतःचा सर्व्हर घेतल्यानं ते काम आपोआप होत नाही.

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते आधी पुरतं मांडायला हवं. अपाचे या वेब सर्व्हरच्या पोटातच पीएचपी ही वेबसाइटची भाषा चालवण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यात सर्व्हरवरच्या सगळ्या वेबसाइटांचा कोड एकाच लिनक्स वापरकर्त्याच्या नावानं चाले. माझी कॉन्फिगरेशनची फाइल माझ्या वेबसाइटला वाचता यावी, तर ती त्या सामायिक वापरकर्त्याला वाचता यायला हवी. आणि तसं झालं की शेजारच्या खात्यातली चार ओळींची स्क्रिप्टसुद्धा ती वाचू शके. वर्डप्रेसच्या अशा फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड सरळ अक्षरांत लिहिलेले असतात. फाइल मिळाली की डेटाबेस मिळाला, कारण तो बहुधा त्याच यंत्रावर असतो, आणि 'लोकलहोस्ट'वरून आलेली विनंती माझ्या फोल्डरातून आली की शेजाऱ्याच्या, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पीएचपीनं यावर 'सेफ मोड' आणला. ही भिंत भाषेच्या पातळीवर उभारणं रचनेच्या दृष्टीनंच चूक आहे, हे पुढे खुद्द पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेनंच लिहून ठेवलं, आणि २०१२ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. दुसरी एक युक्ती सिमलिंकची. स्वतःच्या फोल्डरात दुसऱ्याच्या फाइलकडे बोट दाखवणारी एक लिंक तयार करायची, तिला साध्या मजकुराच्या फाइलचं नाव द्यायचं, आणि ब्राउझरमधून उघडायची. अपाचे आज्ञाधारकपणे ती फाइल दाखवी.

त्याहून गंभीर होती ती जून २०१२ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१२-२१२२ ही त्रुटी. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दोन्हींत पासवर्ड पडताळताना मेमरीतल्या दोन तुकड्यांची तुलना करणारं फंक्शन वापरलं जाई. त्याचं उत्तर मोठ्या पूर्णांकात येई, आणि ते एका बाइटात बसवताना काही विशिष्ट लिनक्स यंत्रणांवर सरासरी २५६ पैकी एका वेळी शून्य निघे. शून्याचा अर्थ 'जुळला'. वापरकर्त्याचं नाव ठाऊक असेल तर पासवर्ड वाटेल तो देत राहायचा; काहीशे प्रयत्नांत, म्हणजे काही सेकंदांत, प्रवेश मिळे. ज्यांनी डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटकडून बंद ठेवलं होतं त्यांना बाहेरून भीती नव्हती. शेअर्ड सर्व्हरवर मात्र शेजारी आधीच आत असतो.

हे सगळं मान्य करूनही पुढचा प्रश्न उरतो, की या प्रत्येकावरचा उपाय काय होता आणि तो कुणी केला. सगळ्या वेबसाइट एकाच नावानं चालण्याची जुनी पद्धत टाळून प्रत्येक खात्याचा पीएचपी त्याच्या स्वतःच्या नावानं चालवता येतो. पीएचपी-एफपीएममध्ये हे सरळ करता येतं. मग कॉन्फिगरेशनची फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी, म्हणजे ६०० किंवा ४०० या परवानगीवर, ठेवता येते आणि शेजाऱ्याची स्क्रिप्ट हात चोळत बसते. क्लाउडलिनक्सचं केजएफएस प्रत्येक खात्याला फाइलव्यवस्थेचं वेगळंच दर्शन देतं. त्यात शेजाऱ्याचं फोल्डर दिसतच नाही, मग सिमलिंक तरी कुठे नेणार? आणि २०१२ च्या त्रुटीवरचा उपाय पॅच हाच होता. होस्टिंग कंपनीत त्याच कामासाठी पगारावर ठेवलेला माणूस तो बसवतो. स्वतःचा सर्व्हर घेतलेल्या वाचनालयात तो कोण बसवणार, याचं उत्तर सर्व्हर घ्यायला सांगणारा सल्लागार देत नाही.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे फ्लॅट आणि स्वतःचा सर्व्हर म्हणजे बंगला, अशी उपमा विक्रेते देतात. ती त्यांच्याच विरुद्ध जाते, कारण बंगल्याला सोसायटीचा रखवालदार नसतो.

आता शेजारी नसलेल्यांचं काय झालं ते पाहू. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस काही दिवसांत पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. हे शेअर्ड होस्टिंगचे बळी नव्हते. स्वतःचा सर्व्हर भाड्यानं घेऊन त्यावर स्वतःच डेटाबेस बसवणाऱ्यांचे ते होते. पासवर्ड लावलेला नव्हता आणि पोर्ट साऱ्या जगाला खुलं होतं. लागोपाठ इलॅस्टिकसर्चची पाळी आली, फेब्रुवारीत मायएसक्यूएलची. खंडणी भरूनही अनेकांना काही परत मिळालं नाही, कारण पुसणाऱ्यांनी पुष्कळदा आधी प्रत काढून ठेवलेलीच नव्हती. मोंगोडीबीच्या ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे त्याच वर्षाच्या अखेरीपासून, नव्यानं बसवलेला डेटाबेस मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेल्या विनंत्या घेऊ लागला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ब्रिटनमधली टॉकटॉक ही दूरसंचार कंपनी काही स्वस्तातल्या होस्टिंगवर नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्या १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. त्यांतल्या १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही गेले. कंपनीनं २००९ मध्ये तिस्काली या कंपनीचा ब्रिटनमधला व्यवसाय विकत घेतला होता. त्यासोबत आलेली तीन जुनी वेबपानं कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. त्यांच्यामागचा डेटाबेस जुनाट आवृत्तीचा होता आणि पानांमध्ये एसक्यूएल इंजेक्शनला वाव होता. वेबपानावरच्या रकान्यात डेटाबेसची आज्ञा लिहून ती चालवून घेण्याच्या या युक्तीचं वर्णन १९९८ मध्येच 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात छापून आलं होतं. सतरा वर्षांनंतरही ती चालली. तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४,००,००० पौंडांचा दंड केला. या सगळ्या प्रकरणात कुठेही शेजारी नाही.

राहता राहिला क्लाउड. क्लाउड म्हणजेही दुसऱ्याच्या यंत्रांवर अनोळखी ग्राहकांसोबत राहणं, फक्त भिंती अधिक काळजीनं बांधलेल्या. त्या भिंतींनाही भेगा पडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी या सेवेत हजारो ग्राहकांच्या डेटाबेसांच्या मुख्य किल्ल्या परक्याला मिळू शकत होत्या. वाट होती ज्युपिटर नोटबुकची जोडलेली सोय, जी ग्राहकांसाठी आपोआप चालू करण्यात आली होती. एप्रिल २०२२ मध्ये त्याच संशोधकांनी अझ्युअरच्या पोस्टग्रेएसक्यूएल फ्लेक्झिबल सर्व्हरमधली त्रुटी जाहीर केली. तिथे डेटाबेसच्या प्रती बनवणाऱ्या अंतर्गत खात्याची ओळख प्रमाणपत्रावरच्या नावावरून पटवली जाई, आणि ते नाव तपासणारा साचा शेवटाला ढिला सोडलेला होता. हव्या त्या नावापुढे आपल्या मालकीचं डोमेन जोडून रीतसर मिळवलेलं प्रमाणपत्र तिथे चालून जाई, आणि एका ग्राहकाला दुसऱ्याचा डेटाबेस वाचता येई. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती केली आणि कुणी गैरफायदा घेतल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं सांगितलं. ही उदाहरणं मी क्लाउडची निंदा करायला देत नाही. शेजार संपवण्यासाठी पैसे भरा, असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांनी भरलेल्या पैशांत शेजार संपत नाही एवढंच मला दाखवायचं आहे.

शिवाय आपल्याकडे 'स्वतःचा सर्व्हर' या नावाखाली प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगायला हवं. छोट्या संस्थेला स्वतःचा सर्व्हर सांभाळता येत नाही, म्हणून सल्लागारच एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेतो आणि आपल्या दहा-पंधरा ग्राहकांच्या वेबसाइट त्यावर ठेवतो. म्हणजे ही पुन्हा शेअर्ड होस्टिंगच झाली. फरक इतकाच की इथे खात्यांमध्ये भिंती घालणारं पॅनेल नसतं, आणि सगळ्या वेबसाइट बऱ्याचदा एकाच डेटाबेस वापरकर्त्यानं, कधी कधी तर थेट सर्वाधिकारी 'रूट'नं, जोडलेल्या असतात. संस्थेची फसवणूक करण्याचा त्याचा हेतू नसतो, हे मी मान्य करतो. पण एका वाचनालयाच्या शोधपेटीतली चूक शेजारच्या पतसंस्थेच्या खातेदारांपर्यंत नेणारी ही रचना, जिथून त्यांना हलवलं त्या होस्टिंगपेक्षा अधिक धोक्याची आहे. रूटकडे 'फाइल' नावाचा अधिकार असतो. 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' ही मर्यादा नीट लावलेली नसेल तर त्याच्या जोरावर डेटाबेसमार्फत सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतात आणि नव्या फाइली लिहिताही येतात. एसक्यूएल इंजेक्शनच्या जोडीला हा अधिकार मिळाला की हल्लेखोर वेबसाइटच्या फोल्डरात स्वतःची स्क्रिप्ट लिहून ठेवू शकतो. साध्या शेअर्ड होस्टिंगवर ग्राहकाला हा अधिकार सहसा मिळतच नाही. ज्या बंधनांना आपण स्वस्ताईची लक्षणं समजतो, त्यांतली काही आपलं रक्षण करत असतात.

अधिकारांच्या बाबतीत किती बारकाईनं पाहावं लागतं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते वर्षानुवर्षं मायएसक्यूएलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असूनही फार थोड्यांच्या ध्यानात असतं. डेटाबेसवर अधिकार देताना नावातल्या अंडरस्कोअरचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा घेतला जातो, आणि टक्क्याच्या चिन्हाचा 'कितीही अक्षरं'. होस्टिंगवर डेटाबेसांची नावं खात्याचं नाव, अंडरस्कोअर आणि मग पुढचं नाव अशी असतात. समजा एका खात्याचं नाव 'राम' आहे आणि दुसऱ्याचं 'रामा'. रोमन लिपीत दुसऱ्याच्या शेवटी एक 'ए' जास्त. 'राम'ला त्याचे सगळे डेटाबेस मिळावेत म्हणून कुणी राम, अंडरस्कोअर, टक्का असा साचा लिहिला, तर अंडरस्कोअरच्या जागी तो जादाचा 'ए' चपखल बसतो आणि 'रामा'चे सगळे डेटाबेस 'राम'ला खुले होतात. अंडरस्कोअरच्या आधी एक बॅकस्लॅश दिला की हे टळतं. पॅनेल ही काळजी घेत असेल तर ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर सांगितलेल्या व्हीपीएसवर मात्र ही ओळ कुणीतरी हातानं लिहिलेली असते.

मग शेअर्ड होस्टिंगवरच्या साध्या संस्थेच्या हातात नेमकं काय आहे? बरंच आहे. सीपॅनेलमध्ये डेटाबेसला वापरकर्ता जोडताना सगळ्यांत वर 'ऑल प्रिव्हिलेजेस'चा चौकोन येतो आणि जवळपास सगळे तोच टिक करून पुढे जातात. खाली एकेका अधिकाराचे चौकोन असतात. वर्डप्रेसच्या स्वतःच्या सुरक्षा मार्गदर्शनात म्हटलं आहे, की रोजच्या कामाला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट एवढे चार अधिकार पुरतात. तक्ते बदलण्याचे आणि उडवण्याचे अधिकार आवृत्ती बदलताना लागतात. तेव्हा द्यावेत आणि काम झालं की काढून घ्यावेत. ही तसदी आहे, हे खरं. पण ती वर्षातून थोड्याच वेळा घ्यावी लागते.

त्याच्याही पुढे जाता येतं. वाचनालयाचीच गोष्ट घ्या. त्याच्या वेबसाइटवर दोन तऱ्हेची माहिती असते. पुस्तकांची यादी, जी साऱ्या जगानं शोधावी अशीच इच्छा असते. आणि सभासदांची नावं, पत्ते, फोन क्रमांक, जे बाहेर जाता कामा नयेत. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच डेटाबेसात, एकाच वापरकर्त्याच्या नावावर असतात. पुस्तक शोधण्याच्या रकान्यात इंजेक्शनची चूक राहिली, की त्याच जोडणीतून सभासदांचा तक्ता वाचता येतो. हे दोन वेगळे डेटाबेस करा, दोन वेगळे वापरकर्ते करा, आणि यादीच्या पानाला फक्त यादी वाचण्याचा अधिकार द्या. मग त्या रकान्यातून हल्लेखोराला फार तर पुस्तकांची यादीच मिळेल, जी आपण त्याला तशीही देतच होतो. यासाठी अनेक पॅकेजांत जादा पैसे पडत नाहीत. एकाहून अधिक डेटाबेस त्यांत आधीच दिलेले असतात. या उपायाची मर्यादाही सांगतो. दोन्ही पानं एकाच लिनक्स खात्यात चालत असल्यानं हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोडच चालवता आला, तर दोन्ही पासवर्ड त्याच्या हाती जातात. इंजेक्शनला मात्र या विभागणीनं खरा लगाम बसतो.

माहिती मुळात वाचता येणार नाही अशीच ठेवायची, हा तिसरा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. 'आमच्या डिस्क एन्क्रिप्टेड आहेत' अशी जाहिरात होस्टिंगवाले करतात. त्याचा उपयोग कुणी कपाटातून डिस्कच उचलून नेली तर होतो. योग्य पासवर्ड वापरून प्रश्न विचारणाऱ्याला डेटाबेस उलगडलेलीच माहिती देतो, मग विचारणारा चोर का असेना. रकाना एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली त्याच कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ठेवली, तर फाइल वाचणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतात. पण सोडियम नावाचं कूटलेखनाचं एक्स्टेंशन २०१७ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७.२ पासून भाषेसोबतच येतं, आणि त्यात सीलबंद पेटीची सोय आहे. तिला दोन किल्ल्या लागतात. एक सार्वजनिक, तिनं फक्त कुलूप लावता येतं. दुसरी खासगी, तिनंच ते उघडतं. सभासदत्वाचा अर्ज भरला जाताच वेबसाइट तो सार्वजनिक किल्लीनं बंद करते आणि डेटाबेसात टाकते. खासगी किल्ली सर्व्हरवर कधीच जात नाही. ती कार्यालयातल्या संगणकावर असते आणि तिची एक प्रत कागदावर तिजोरीत. मग शेजारी घुसो, होस्टिंग कंपनीचा कर्मचारी डोकावो की बॅकअपची फाइल बाहेर पडो, आधीच साठलेला एकही अर्ज कुणाला वाचता येत नाही. यात अडचणी आहेत. अशा रकान्यात शोध घेता येत नाही, आणि किल्ली हरवली तर अर्ज कायमचे गेले. पण नोकरीचे अर्ज, तक्रारी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, देणगीदारांचे पॅन क्रमांक अशी जी माहिती वेबसाइटनं फक्त गोळा करायची असते आणि वाचायची कार्यालयात असते, तिच्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आणि यात शेजार असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पासवर्डांबद्दल थोडक्यातच. २०१५ मध्ये ०००वेबहोस्ट या मोफत होस्टिंग सेवेच्या एक कोटी तीस लाखांच्या आसपास ग्राहकांचे पासवर्ड साध्या मजकुरात साठवलेले बाहेर आले. पासवर्ड वाचता न येणाऱ्या रूपात साठवण्यासाठीचं तयार हॅशिंग फंक्शन पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ पासूनच उपलब्ध होतं.

काही वाटा मात्र इतक्या सरळ आहेत की डेटाबेस शेअर्ड असो वा नसो, त्या बंद केल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. वेबसाइटच्या फोल्डरातच ठेवलेला डेटाबेसचा डंप, ज्याचं नाव कुणीही ओळखू शकतं. कॉन्फिगरेशनच्या फाइलची शेवटी 'बॅक' लावून ठेवलेली प्रत, जी पीएचपी म्हणून न चालता मजकूर म्हणून समोर येते. एकदा वापरून तिथेच विसरलेली ॲडमिनर ही डेटाबेस हाताळणारी एकाच फाइलची स्क्रिप्ट, जिच्या ४.६.३ पूर्वीच्या आवृत्त्यांना हल्लेखोर स्वतःच्या बनावट मायएसक्यूएल सर्व्हरशी जोडून घेई आणि त्या जोडणीतून वेबसाइटच्या सर्व्हरवरच्या फाइली काढून नेई. घरून काम करणाऱ्या डेव्हलपरचा आयपी रोज बदलतो म्हणून 'रिमोट मायएसक्यूएल'मध्ये टाकलेलं टक्क्याचं चिन्ह, ज्याचा अर्थ जगातला कुठलाही संगणक. त्याऐवजी एसएसएच बोगदा, म्हणजे सर्व्हरपर्यंतची कूटबद्ध जोडणी, वापरावा. आणि सगळ्यांच्या सेशन फाइली, म्हणजे लॉगिन चालू असल्याच्या नोंदी, एकाच सामायिक फोल्डरात असणं. डेटाबेस कितीही बंदोबस्तात ठेवला तरी व्यवस्थापकाचं चालू सेशन उचलून नेणाऱ्याला पासवर्ड लागत नाही.

सामायिक डेटाबेसचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याच्याकडे शेजाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांचं लक्षच जात नाही. अनेक संस्थांना एकच सॉफ्टवेअर पुरवणारा पुरवठादार सगळ्यांची माहिती एकाच तक्त्यात ठेवतो आणि एका रकान्यात संस्थेचा क्रमांक लिहितो. इथे भिंत म्हणजे प्रत्येक प्रश्नाला जोडलेली 'या संस्थेपुरतं' ही एक अट. शंभर ठिकाणी ती लिहिली आणि एका ठिकाणी राहिली, की एका सोसायटीच्या सचिवाला दुसरीचे थकबाकीदार दिसतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ पासून ही अट डेटाबेसनंच लावण्याची सोय आहे, तिला रो लेव्हल सिक्युरिटी म्हणतात. पण तक्त्याचा मालक असलेल्या खात्याला ती मुळात लागू होत नाही. ती मुद्दाम सक्तीची करावी लागते. वेबसाइट त्याच मालक खात्यानं जोडलेली असेल तर नियम लिहिलेले दिसतात आणि अडवत मात्र काहीच नाहीत. ही रचना तुम्ही सर्वांत महागड्या क्लाउडवर ठेवा, तिच्यात काडीचा फरक पडणार नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी. होस्टिंगचे पैसे भरतो म्हणजे सुरक्षा त्यांनी बघायची, असं म्हणणारे सल्लागारांपेक्षाही जास्त आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं त्यांना आधार ठेवलेला नाही. कलम ८ नुसार माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्था जबाबदार असते, कुठलाही करार काहीही म्हणो, आणि तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी ती हाताळली तरीही. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत हे उपाय कोणते तेही सांगितलं आहे: एन्क्रिप्शनसारखे उपाय, प्रवेशावर नियंत्रण, नोंदी, बॅकअप, आणि माहिती हाताळणाऱ्याशी केलेल्या करारात सुरक्षेच्या अटी. संस्थांवरची ही बंधनं नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. छोट्या वाचनालयाला कुणी अडीचशे कोटींचा दंड करणार नाही, हे मलाही कळतं. पण 'ते होस्टिंगवाल्याचं काम' हे उत्तर कायद्याच्या दारात चालणार नाही, हे कार्यकारिणीला आजच माहीत असलं पाहिजे.

म्हणून होस्टिंगवाल्याला थेट विचारा. प्रत्येक खात्याचा पीएचपी स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावानं चालतो का? एका खात्याला दुसऱ्याच्या फाइलव्यवस्थेतलं काही दिसतं का? डेटाबेसची कोणती आवृत्ती आहे आणि तिला अजून सुरक्षा दुरुस्त्या मिळतात का? डेटाबेसच्या पोर्टवर बाहेरून पोचता येतं का? बॅकअप कुठे राहतात, किती दिवस, आणि कुणाला उघडता येतात? एका खात्यानं किती जोडण्या एकदम उघडाव्यात याला मर्यादा आहे का? ज्याला ही उत्तरं देता येत नाहीत किंवा द्यायची नाहीत, त्याच्याकडून जरूर निघा. ते सोडून जाणं योग्य कारणासाठी असेल. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या दवाखान्यानं, किंवा कोणी केव्हा काय पाहिलं याचा अचूक माग ठेवणं ज्यांना बंधनकारक आहे त्यांनी, साध्या शेअर्ड पॅकेजवर राहू नये असंच माझंही मत आहे. तिथे डेटाबेसच्या पातळीवरच्या नोंदी ग्राहकाला मिळत नाहीत आणि त्यांच्यावाचून चालत नाही. पण तो सर्व्हर रोज बघणारा माणूसही मग नेमावा लागेल आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात धरावा लागेल.

निघताना मागे काय राहतं तेही पाहावं लागतं. गोडॅडीच्या व्यवस्थापित वर्डप्रेस सेवेत सप्टेंबर २०२१ पासून कुणी अनधिकृतपणे शिरलं होतं. कंपनीनं ते नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला कळवलं, तेव्हा आकडा १२ लाखांपर्यंतच्या ग्राहकांचा होता, आणि त्यांत सेवा चालू असलेले तसेच बंद केलेले, असे दोन्ही ग्राहक होते. चालू ग्राहकांचे डेटाबेसचे पासवर्डही उघड झाले होते. बंद केलेल्यांचे निदान ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक. तेव्हा जुनं होस्टिंग सोडताना आधी नवा पासवर्ड करा आणि जुना कुठेच वापरू नका. जुन्या जागचे डेटाबेस आणि त्यांचे वापरकर्ते पॅनेलमधून स्वतः काढून टाका, नुसती मुदत संपू देऊ नका. आणि त्यांच्याकडचे बॅकअप कोणत्या तारखेला नष्ट होतील हे लेखी मागून घ्या.